दगडाची उलटतपासणी

भोपाळच्या दक्षिणेला भीमबेटका म्हणून ठिकाण आहे. विष्णू श्रीधर वाकणकरांनी १९५७ साली तिथली शैलचित्रे अभ्यासकांच्या नजरेस आणली. आपल्याकडच्या सहलीही तिथे जातात. तिथल्या एका मोठ्या गुहेत, माणसाच्या डोक्यापेक्षा बऱ्याच उंचीवर, दगडावर पानासारखा, मधल्या शिरेपासून दोहोंकडे पट्टे निघालेला एक ठसा होता. २०२० साली तिथे गेलेल्या भूशास्त्रज्ञांना तो दिसला. २०२१ मध्ये ग्रेगरी रिटॅलॅक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे प्रसिद्ध केले, की हा डिकिन्सोनियाचा जीवाश्म आहे. डिकिन्सोनिया म्हणजे सुमारे पंचावन्न कोटी वर्षांपूर्वी समुद्रतळाशी राहणारा मऊ अंगाचा चपटा प्राणी. वर्तमानपत्रांनी बातमी उचलून धरली. पृथ्वीवरच्या सर्वांत जुन्या प्राण्यांपैकी एक भारतात सापडला, याचा अभिमानही व्यक्त करून झाला.

पुढे जोसेफ मीर्ट आणि त्यांचे सहकारी तिथे गेले, तेव्हा तो ‘जीवाश्म’ दगडावरून सुटून येत होता. पंचावन्न कोटी वर्षे टिकलेली वस्तू दोन वर्षांत कशी सुटते? त्यांनी नीट पाहिले. ते मधमाश्यांच्या जुन्या पोळ्याचे मेण होते! आजूबाजूला तशीच पोळी होती. २०२३ साली हे प्रसिद्ध झाले आणि रिटॅलॅक यांनी आपली चूक मान्य केली. पहिल्या खेपेला सोबत एखादा मध काढणारा असता, तर हा सारा खटाटोप वाचला असता असे वाटल्याशिवाय राहत नाही. पण शास्त्रज्ञांच्या तुकडीत मध काढणाऱ्याला कोण नेतो?

प्रकरण केवळ गमतीचे नव्हते. तो ठसा डिकिन्सोनियाचा मानला तर ज्या थरात तो आहे ते वरचे विंध्य खडक पंचावन्न कोटी वर्षांचे ठरतात. मीर्ट यांच्या मते ते शंभर कोटी वर्षांच्या घरातले आहेत. म्हणजे मेणाच्या एका डागावरून मध्य भारताच्या खडकांचे वय जवळजवळ निम्म्याने चुकले असते.

मला यात लक्षात घेण्याजोगी वाटते ती चूक नव्हे. चुका सर्वत्र होतात. ती ज्या रीतीने उघडकीस आली ती रीत मोलाची वाटते. दगड तिथेच होता, तो कोणालाही पाहता येत होता, आणि पहिल्याने जे सांगितले ते दुसऱ्याने जाऊन तपासले. आपल्याकडे उत्पत्तीच्या ज्या कथा शतकानुशतके चालल्या, त्यांना ही सोय नव्हती. कोण कोणत्या अवयवातून जन्माला आला हे सांगणाऱ्याला ‘पुरावा काय?’ असे विचारण्याची मुभा ज्यांना नव्हती, त्यांची आपण लेकरे आहोत. तेव्हा जीवाच्या उत्पत्तीविषयी आजचे शास्त्र काय म्हणते, एवढ्यावर आपले भागणार नाही. ते कशाच्या बळावर म्हणते, हे आपण पाहिले पाहिजे.

मी शाळेत शिकवत असताना ‘पृथ्वीवर जीव साडेतीनशे कोटी वर्षांपूर्वी होता’ असे वाक्य फळ्यावर लिहीत असे आणि मुलांकडून पाठ करून घेत असे. एकदा एका मुलीने विचारले, “सर, कोणी मोजले?” मी म्हणालो, “पुस्तकात लिहिले आहे.” माझे हे उत्तर कोणत्या परंपरेतले होते, हे मला फार उशिरा कळले. तिला जे सांगायला हवे होते ते आता सांगण्याचा हा प्रयत्न आहे.

प्रथम दोन प्रश्न वेगळे केले पाहिजेत. एखाद्या काळी पृथ्वी, किंवा दुसरा एखादा ग्रह, जीवाला राहण्याजोगा होता का, हा एक प्रश्न. तिथे जीव खरोखर राहिला का, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर खनिजे देतात. दुसऱ्याचे उत्तर जीवाश्मांनी द्यायचे असते. रिकामे घर सापडले, चूल सापडली, म्हणून तिथे कोणी नांदले असे ठरत नाही. या विषयावरच्या बातम्यांचा निम्मा गोंधळ हे दोन प्रश्न एक केल्यामुळे झालेला असतो.

आता पहिला साक्षीदार. त्याचे नाव झिरकॉन. झिर्कोनियम, सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांचे हे खनिज आपल्या ओळखीचेच आहे. न्हाणीघराच्या फरशीवरची पांढरी झिलई अपारदर्शक करायला ते वापरतात. ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम भागात, पर्थ शहराच्या उत्तरेला सुमारे आठशे किलोमीटरवर जॅक हिल्स नावाच्या टेकड्या आहेत. तिथला गोट्यांचा आणि वाळूचा घट्ट झालेला खडक सुमारे तीनशे कोटी वर्षांचा आहे. परंतु त्यातले झिरकॉनचे काही दाणे त्याहून पुष्कळ जुने आहेत. ते ज्या खडकात जन्मले तो खडक झिजून, फुटून, वाहून केव्हाच नाहीसा झाला. गाव उठून गेले, दाणा उरला.

दाण्याचे वय कसे काढतात? झिरकॉनचा स्फटिक तापलेल्या शिलारसात तयार होत असताना आपल्या रचनेत थोडे युरेनियम सामावून घेतो. शिसे मात्र जवळजवळ घेतच नाही. युरेनियम ठराविक गतीने मोडत मोडत शेवटी शिसे बनते. युरेनियम-२३८ अर्धे संपायला सुमारे ४४७ कोटी वर्षे लागतात, युरेनियम-२३५ ला सुमारे ७० कोटी. पहिल्यापासून शिसे-२०६ बनते, दुसऱ्यापासून शिसे-२०७. तेव्हा आज दाण्यात जे शिसे सापडते ते बहुतेक सारे त्याच्या पोटात जन्मलेले. किती युरेनियम उरले आणि किती शिसे बनले हे मोजले की काळ निघतो. एकाच दाण्यात दोन घड्याळे आहेत आणि त्यांच्या गती भिन्न आहेत, ही यातली मोठी सोय. दोन्हींची वेळ जुळली तर साक्ष विश्वसनीय. जुळली नाही तर मध्ये काही बिघडले आहे असे समजायचे.

२००१ साली सायमन वाइल्ड, जॉन व्हॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा एका दाण्याचे वय ४४० कोटी वर्षे असल्याचे प्रसिद्ध केले. पृथ्वी स्वतः सुमारे ४५४ कोटी वर्षांची. दाण्याचा आकार वाळूच्या बारीक कणाएवढा! साहजिकच आक्षेप आले. शिसे स्फटिकात स्थिर राहते कशावरून? ते सरकून एका जागी गोळा झाले असेल आणि मोजणाऱ्याची शलाका नेमकी तिथेच पडली असेल, तर वय फुगून येईल. आक्षेप रास्त होता. तो झटकून न टाकता व्हॅली यांच्या गटाने तशाच एका दाण्याचे अणू वेगवेगळे मोजण्याचे तंत्र वापरले. २०१४ मध्ये त्यांनी दाखवले, की शिसे सरकले होते खरे, पण मिलिमीटरच्या एक लाखांश भागाइतक्या अंतरात. वयाची बेरीज त्याने बिघडत नव्हती. त्या दाण्याचे वय ४३७ कोटी ४० लाख वर्षे आले, चूकभूल ६० लाख. फळ्यावरच्या त्या वाक्यातही अशी चूकभूल लिहायला हवी होती.

वयापेक्षा महत्त्वाची गोष्ट दाण्यातल्या ऑक्सिजनने सांगितली. ऑक्सिजनचे अणू हलके असतात, १६ वजनाचे, आणि थोडे जड, १८ वजनाचे. पृथ्वीच्या खोल भागातून थेट आलेल्या शिलारसातल्या झिरकॉनमध्ये या दोहोंचे प्रमाण ठरलेले असते. खडक जर भूपृष्ठावर, थंड पाण्याच्या सहवासात कुजून त्याची माती झाली, तर त्या मातीत जड ऑक्सिजन अधिक जातो. अशी माती पुन्हा खोल जाऊन वितळली, तर त्या रसातल्या झिरकॉनमध्ये ती वाढ उतरते. जॅक हिल्सच्या बऱ्याच दाण्यांत ही वाढ आहे. अर्थ असा, की दाणा जन्मण्याच्याही आधी कुठेतरी पाणी द्रवरूपात होते आणि ते खडकावरून वाहत किंवा त्यात मुरत होते. पृथ्वीचा तो आरंभीचा काळ म्हणजे वितळलेल्या खडकांचा नरक, ही जुनी समजूत होती. त्या कालखंडाला शास्त्रज्ञांनी ‘हेडियन’ हे नावच ग्रीकांच्या पाताळावरून दिलेले. निदान त्यातल्या काही काळाबाबत ही समजूत दाण्यांनी मोडून काढली. सर्वांत जुन्या दाण्यातला जड ऑक्सिजन मुळातला की मागाहून आलेला, यावर मतभेद आहेत. त्यानंतरच्या, ४२०-४३० कोटी वर्षांच्या आसपासच्या दाण्यांबाबत साक्ष अधिक भक्कम आहे.

पाणी होते. घर राहण्याजोगे होते. इथे थांबणे अनेकांना जमत नाही.

२०१५ साली एलिझाबेथ बेल, मार्क हॅरिसन आणि इतरांनी जॅक हिल्सचे दहा हजारांहून अधिक दाणे चाळले. त्यातल्या एका, ४१० कोटी वर्षांच्या दाण्यात, कुठलीही भेग नसलेल्या जागी, त्यांना ग्रॅफाइटचे दोन ठिपके मिळाले. जीव कार्बनच्या हलक्या अणूंना, कार्बन-१२ ला, पसंती देतात. त्यामुळे त्यांच्या अवशेषांत जड कार्बन-१३ कमी असतो. या ठिपक्यांत तो तसा कमी होता. पण निर्जीव रासायनिक क्रियांनीही असा कार्बन बनू शकतो. लेखकांनीही ‘जीवजन्य असण्याची शक्यता’ एवढेच म्हटले. एका दाण्यावर सृष्टीचा इतिहास लिहू नये, हे याच टेकड्यांनी आधी शिकवलेही होते. २००७ मध्ये या दाण्यांत हिऱ्याचे सूक्ष्म कण सापडल्याचे जाहीर झाले. त्यावरून प्राचीन भूकवचाविषयी मोठमोठे तर्क रचले गेले. २०१४ मध्ये उलगडा झाला, की दाणे घासून गुळगुळीत करायला प्रयोगशाळेत हिऱ्याच्या भुकटीचा जो लेप वापरतात, त्यातलेच कण भेगांमध्ये अडकले होते.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे, म्हणजे जीवाश्मांकडे वळू. त्यासाठी जॅक हिल्सच्या ईशान्येला, पिलबारा प्रदेशात, मार्बल बार नावाच्या गावाजवळ जावे लागते. गावाचे नाव संगमरवरावरून पडले. पण ज्याला संगमरवर समजले तो दगड जॅस्पर निघाला. नाव तेच राहिले. या गावाजवळच्या ३४६ कोटी वर्षांच्या गारगोटीसारख्या खडकात विल्यम शॉफ यांना सूक्ष्म, मण्यांच्या माळेसारखे धागे दिसले. १९९३ साली त्यांनी त्यांच्या अकरा जाती वर्णिल्या. काही नीलहरित जीवाणूंसारख्या आहेत असे म्हटले. जवळजवळ दहा वर्षे हे जगातले सर्वांत जुने जीवाश्म म्हणून पाठ्यपुस्तकांत छापले जात होते. माझ्या फळ्यावरचे ते वाक्य बहुधा तिथूनच आले.

२००२ मध्ये मार्टिन ब्रेझियर यांनी तेच नमुने लंडनच्या वस्तुसंग्रहालयातून काढून पुन्हा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले. छायाचित्रांत सरळ दिसणारे धागे प्रत्यक्षात फाटे फुटलेले, वळलेले होते. छायाचित्राच्या चौकटीत सोयीचा भाग तेवढा आला होता. शिवाय तो खडक उथळ समुद्रातला गाळ नसून जमिनीखालून आलेल्या उष्ण पाण्याच्या वाटेत साचलेला आहे, असे ब्रेझियर यांच्या गटाला आढळले. त्यांच्या मते धागे म्हणजे खनिजाच्या कणांभोवती गोळा झालेला कार्बन. शॉफ यांनी ते मानले नाही. दोघांचा भर सभेत वाद झाला. ब्रेझियर २०१४ मध्ये वारले. त्यांच्या मागून प्रसिद्ध झालेल्या कामात त्या धाग्यांत अभ्रकासारख्या पापुद्र्यांच्या खनिजाचे थर दाखवले गेले. पुढे शॉफ यांनी झिरकॉनवाले व्हॅली यांच्यासोबत अकरा नमुन्यांतला कार्बन मोजला आणि तो जीवजन्यच आहे असा निष्कर्ष काढला. वाद मिटलेला नाही. मोठी प्रतिष्ठा असलेल्या माणसाचे म्हणणे त्याच्याच नमुन्यांवरून तपासता आले, याचे श्रेय नमुने जपून ठेवणाऱ्या वस्तुसंग्रहालयाला दिले पाहिजे.

मग साडेतीनशे कोटी वर्षांपूर्वीच्या जीवाचा पुरावाच नाही का? आहे, आणि तो याच प्रदेशात आहे. त्यासाठी अॅबिगेल ऑलवूड या बाईंचे काम पाहावे. सिडनीच्या मॅक्वारी विद्यापीठात पीएच.डी. करताना त्या पिलबारातल्या स्ट्रेली पूल या ३४३ कोटी वर्षांच्या खडकावर काम करीत होत्या. त्यात सुळक्यांसारखे, लाटांसारखे, अंड्यांच्या पेटीसारखे थर आहेत. आजही उथळ, खारट पाण्यात सूक्ष्मजीवांचे चिकट थर गाळ पकडत पकडत असे उंचवटे रचतात. त्यांना स्ट्रोमॅटोलाइट म्हणतात. पण नुसता आकार पुरत नाही. क्षार साचूनही सुळके बनतात. ऑलवूड यांनी एका सुंदर नमुन्यावर भिस्त ठेवली नाही. त्या किलोमीटर-किलोमीटर त्या थराच्या कडेने चालल्या आणि सात प्रकारचे आकार नोंदवले. समुद्र उथळ होता तिथे आकार आहेत, पाणी खोल झाले तिथे नाहीत. परिस्थिती बदलते तसा आकारही बदलतो. निर्जीव क्षारांना अशी आवडनिवड नसते. २००६ साली हे प्रसिद्ध झाले आणि बहुतेक अभ्यासकांना पटले. एक जीवाश्म खोटा ठरू शकतो. पण परिसराशी नाते सांगणाऱ्या संपूर्ण वस्तीला खोटे ठरवणे अवघड असते.

दहा वर्षांनी, २०१६ मध्ये, ॲलन नटमन यांच्या गटाने ग्रीनलंडमधल्या इसुआ येथे, बर्फ वितळून उघडा पडलेल्या ३७० कोटी वर्षांच्या खडकात तसेच लहान सुळके सापडल्याचे जाहीर केले. ऑलवूड यांना यात आनंद वाटायला हरकत नव्हती. त्यांच्याच विषयाला आणखी सत्तावीस कोटी वर्षांचे बळ मिळत होते. त्या ग्रीनलंडला गेल्या. तो खडक त्यांनी समोरून पाहिला आणि मग बाजूनेही पाहिला. बाजूने पाहताच सुळके सुळके राहिले नाहीत. खडक ज्या दिशेला ताणला गेला होता त्याच दिशेला पसरलेल्या त्या लांबट वरंब्या होत्या. काहींची टोके वर होती तर काहींची खाली. आत जीवाणूंनी रचलेले थर मिळाले नाहीत. २०१८ मध्ये त्यांनी लिहिले, की हे भूकवचाच्या दाबाने झालेले विकार असावेत. नटमन यांचा गट आपल्या मतावर कायम आहे. पण वर्तमानपत्रांत पहिली बातमी जेवढी मोठी आली, तेवढी दुसरी आली नाही.

याच बाईंच्या नेतृत्वाखाली तयार झालेले एक उपकरण आज मंगळावर आहे. मंगळाचा बराचसा पृष्ठभाग बसाल्टचा, म्हणजे आपल्या दख्खनच्या काळ्या कातळाच्या जातीचा. म्हणूनच बुलढाणा जिल्ह्यातले लोणारचे विवर मंगळाच्या अभ्यासकांना महत्त्वाचे वाटते. मंगळाचे घर एकेकाळी राहण्याजोगे होते, हे खनिजांनी आधीच सांगितले आहे. २००४ मध्ये ‘ऑपॉर्च्युनिटी’ या यानाला तिथे जॅरोसाइट मिळाले. लोह आणि गंधकाचे हे खनिज पाण्याशिवाय बनत नाही. आपल्याकडे ते कच्छमध्ये आढळले आहे. १९९६ मध्ये तर अंटार्क्टिकात पडलेल्या मंगळाच्या एका अशनीत जीवाश्म असल्याचे अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या निवेदनासह गाजले होते. ते आज फारसे कोणी मानत नाही.

‘पर्सिव्हिअरन्स’ हे यान १८ फेब्रुवारी २०२१ रोजी जेझेरो नावाच्या विवरात उतरले. तिथे एकेकाळी तळे होते आणि त्यात नदी येऊन मिळत होती. जुलै २०२४ मध्ये त्या कोरड्या नदीपात्रात चिखलापासून बनलेला, बाणाच्या टोकासारखा एक दगड यानाला दिसला. त्याचे नाव ‘चेयावा फॉल्स’ ठेवले गेले. त्यावर बिबट्याच्या अंगावर असतात तसे, फिक्या मध्याचे आणि गडद कडेचे, मिलिमीटरभर रुंदीचे ठिपके आहेत. ऑलवूड यांच्या उपकरणाने क्ष-किरणांची केसाएवढी बारीक शलाका त्यावर फिरवून कुठे काय आहे याचा नकाशा काढला. ठिपक्यांत लोह आणि फॉस्फरस यांचे व्हिव्हिआनाइट आणि लोह व गंधक यांचे ग्रेगाइट असावे असे दिसते. बाजूला सेंद्रिय कार्बनही आहे. पृथ्वीवर तळ्याच्या, खाडीच्या चिखलात सूक्ष्मजीव सेंद्रिय द्रव्य खातात तेव्हा आपल्याला ऑक्सिजन लागतो तसा त्यांना गंजलेला लोह किंवा सल्फेट लागतो. त्या उलाढालीत हीच खनिजे मागे राहतात. उष्णतेने ती निर्जीवपणेही बनू शकतील. पण तो दगड तेवढा तापल्याच्या खुणा मिळाल्या नाहीत.

सप्टेंबर २०२५ मध्ये जोएल ह्युरोविट्झ आणि सहकाऱ्यांचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. त्यात या ठिपक्यांना ‘संभाव्य जैवखूण’ म्हटले आहे. यातला ‘संभाव्य’ हा शब्द नम्रतेखातर घातलेला नाही. सेंद्रिय द्रव्य आणि लोह यांच्यात, कमी उष्णतेत, जीवाच्या मदतीवाचून अशी क्रिया चालते का, याचे प्रयोग पृथ्वीवरच्या प्रयोगशाळांत करायचे आहेत. गंधकाचे हलके-जड अणू मोजायचे आहेत. आणि ती मोजणी यानावरच्या उपकरणांना जमण्यासारखी नाही. त्यासाठी तो दगड हातात हवा. दगडातून कोरून काढलेली खडूएवढी एक कांडी धातूच्या नळीत बंद करून यानाने जपून ठेवली आहे. ती नळी अद्याप मंगळावरच आहे.